रिपोर्ट नॉर्मल असणाऱ्या दुखण्याचा इतिहास

रक्त तपासले, एक्स-रे काढले, थायरॉइड पाहिले, ड जीवनसत्त्व पाहिले. सगळे ठीक निघाले आणि अंगदुखी तर हटत नाही. मग हे फायब्रोमायल्जिया असणार. या आजाराची अशी ओळख आपल्याकडे रुग्णांमध्ये रुजली आहे आणि दवाखान्यांतही. आधी सगळे आजार वगळायचे आणि हाती काहीच लागले नाही की उरलेल्याला हे नाव द्यायचे, असा तिचा अर्थ. ही समजूत आकाशातून पडलेली नाही. गेल्या दोनशे वर्षांत स्नायूदुखीच्या ढिगातून एकेक आजार बाहेर निघाला तो खरोखरच असा वगळत वगळत. पण फायब्रोमायल्जियाला तिची ओळख या वाटेने मिळाली नाही. वगळण्याच्या वाटेवर तिच्या रुग्णांना शंभर वर्षे फक्त अविश्वास मिळाला. ओळख मिळाली ती 1970 नंतरच्या दोन दशकांत, दुखणाऱ्या माणसांची दुखणाऱ्याच दुसऱ्या माणसांशी तुलना झाली तेव्हा. हा फरक पुस्तकी वाटेल. मात्र रुग्णाचे म्हणणे खरे मानले जाते की नाही, आणि त्याच्या अंगात दडलेला दुसरा आजार सापडतो की सुटून जातो, या दोन्ही गोष्टी त्याच फरकावर ठरत आल्या आहेत.

अंगदुखीची वर्गवारी करण्याची धडपड जुनी आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या ‘माधवनिदाना’त आमवाताला स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्याच्या लक्षणांत अंग मोडून येणे, अन्नावरची वासना उडणे, आळस, जडपणा असे सगळे येते, आणि तेवढे वाचून हेच ते फायब्रोमायल्जिया असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच यादीत ताप आहे आणि अवयवांवरची सूजही आहे. फायब्रोमायल्जियात ताप नसतो, डोळ्यांना दिसणारी सूज नसते. माधवकरांसमोरचे रुग्ण बहुधा सांध्यांच्या दाहाचे असावेत. युरोपात पॅरिसचे वैद्य गियोम द बायू यांचे संधिवातावरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1642 मध्ये निघाले आणि गाउटहून वेगळे, अंगभर फिरणारे दुखणे त्यात स्वतंत्रपणे मांडले गेले. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांची बोटे कामाला लागली. एडिंबराचे विल्यम बाल्फर दुखऱ्या स्नायूंत हाताला लागणाऱ्या गाठींविषयी लिहू लागले, फ्रान्समध्ये वालेक्स यांनी 1841 मध्ये दाबल्यावर कळ उठणाऱ्या जागांची नोंद केली, जर्मनीत रॉबर्ट फ्रोरिप यांना 1843 मध्ये स्नायूंत घट्टे सापडले. या सगळ्याला ‘स्नायूंचा संधिवात’ असे ढोबळ नाव होते आणि ते नाव म्हणजे घरातली अडगळीची खोली झाली होती. ज्याची जागा ठरत नाही ते दुखणे तिथे टाकायचे आणि दार लोटून घ्यायचे.

दार नीट उघडून आत पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न लंडनमध्ये झाला, आणि तो चुकला. सर विल्यम गॉवर्स हे क्वीन स्क्वेअरच्या मज्जासंस्थेच्या रुग्णालयातले फार मोठे नाव. कंबरदुखीवरचे त्यांचे व्याख्यान 1904 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. कंबरेत भरणारी उसण, आखडलेली मान, खांद्यातून दंडात उतरणारी कळ ही सगळी एकाच जातीची दुखणी आहेत आणि स्नायूंभोवतीच्या तंतुमय आवरणाचा दाह हे त्यांचे मूळ आहे, असा त्यांचा तर्क होता. त्या दाहाला त्यांनी ‘फायब्रोसायटिस’ म्हटले. दाह म्हटला की लाली, सूज, उष्णता दिसायला हवी. ती इथे दिसत नाही हे गॉवर्सना माहीत होते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. तरी त्यांनी दाहावरच बोट ठेवले. उपाय म्हणून शेक, चोळणे आणि दुखऱ्या जागी कोकेनचे इंजेक्शन, असे त्या काळाला साजेसे सुचवले. निरीक्षण उत्तम, स्पष्टीकरण हवेतले, असा हा लेख आहे. माझ्या मते त्याचे सगळ्यात मोठे नुकसान असे की दुखते तिथेच रोग असला पाहिजे, ही साधी माणसाची कल्पना त्याने शास्त्राच्या गळी उतरवली. पुढची सत्तर वर्षे डॉक्टर स्नायूतच शोधत राहिले.

गॉवर्सना पुरावाही लगेच मिळाला, म्हणजे मिळाल्यासारखा वाटला. त्याच वर्षी ग्लासगोचे राल्फ स्टॉकमन यांनी काही रुग्णांच्या स्नायूंतल्या गाठी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि तंतुमय ऊतींची दाहयुक्त वाढ दिसल्याचे लिहिले. नाव एका शहरात जन्मले, त्याचा पुरावा दुसऱ्या शहरात. आणखी काय हवे होते? ब्रिटनमध्ये फायब्रोसायटिस घरोघरचा शब्द झाला, 1915 मध्ये त्यावर लेवेलिन आणि जोन्स यांचा जाडजूड ग्रंथ आला, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कागदपत्रांत हे निदान सर्रास दिसू लागले. अडचण एकच होती. स्टॉकमनना जे दिसले ते नंतर कोणाला खात्रीने दिसेना. गाठी काढल्या तर कधी निव्वळ चरबी निघे, कधी साधा निरोगी स्नायू. आणि ज्यांना काही दुखत नाही अशा माणसांच्या पाठीतही तशाच गाठी लागत. इथे एक साधी गोष्ट राहून गेली होती, तिच्याकडे पुढे यावे लागेल: स्टॉकमननी आपल्या रुग्णांची तुलना कोणाशीही केली नव्हती.

दरम्यान अडगळीच्या खोलीतून एकेक आजार बाहेर पडत होता, कारण त्याला स्वतःची खूण सापडत होती. सुरुवात बरीच आधी, 1835 मध्ये झाली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकणाऱ्या जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला शवविच्छेदनाच्या टेबलावर स्नायूंत वाळूच्या कणांसारखे ठिपके दिसले. ते ट्रायकिनेलाचे जंत होते. कच्च्या डुकराच्या मांसातून येणारे हे जंत ताप आणि भयंकर स्नायूदुखी घडवून माणसाचा जीव घेतात, हे ड्रेस्डेनच्या झेंकर यांनी 1860 मध्ये दाखवले. शतकाच्या शेवटी कातडीवर चट्टे उठवून स्नायू दुबळे करणारा दाहाचा आजार वेगळा पडला. 1930 च्या सुमारास बॉर्नहोम या डॅनिश बेटावर बरगड्यांत चाकू खुपसल्यासारखी कळ आणणाऱ्या तापाचे वर्णन आयनार सिल्व्हेस्ट यांनी केले, आणि दोन दशकांत त्यामागचा कॉक्सॅकी विषाणूही सापडला. तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात हे मोजणारी ईएसआर तपासणी 1921 नंतर वेस्टरग्रेन पद्धतीने रुळली. 1940 च्या दशकात आमवाताच्या रुग्णांच्या रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर मोजता येऊ लागला. 1959 नंतर स्नायूंच्या पेशी फुटल्याचे सांगणारी, आपल्याकडे डॉक्टर सीपीके म्हणतात ती तपासणी वापरात आली.

या सगळ्यांत पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिकाची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथपेफर या औषधी झऱ्यांच्या गावी विल्यम ब्रूस नावाचे डॉक्टर होते. पाण्यासाठी येणाऱ्या वृद्ध रुग्णांतले काही त्यांनी 1888 मध्ये वेगळे नोंदले. खांदे आणि मांड्या सकाळी दगडासारख्या जड, अंथरुणातून उठायला दुसऱ्याचा हात लागतो, केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जात नाही, आणि हे सगळे थोड्या दिवसांत सुरू झालेले. ब्रूस यांनी ‘म्हातारपणीचा गाउट’ अशा धर्तीचे नाव दिले आणि लेख विसरला गेला. आज ज्या नावाने तो आजार ओळखतात ते 1957 मध्ये बार्बर यांनी दिले, आणि तेव्हा दोन नव्या गोष्टी हाताशी होत्या: ईएसआर आणि कॉर्टिसोनच्या जातीची औषधे. या रुग्णांचा ईएसआर बहुतेक वेळा बराच चढलेला असतो, आणि रोज 15 मिलिग्रॅमच्या आसपास प्रेडनिसोलोन दिले की काही दिवसांत माणूस उठून चालू लागतो. वय बहुधा साठीच्या पुढचे, पन्नाशीच्या आत जवळपास नाहीच. यात दुर्लक्ष महागात पडते, कारण काहींना डोक्यातल्या धमन्यांचाही दाह असतो आणि त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. सत्तर वर्षे हा आजार डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होता. त्याला बाहेर काढायला एक काचेची नळी आणि एक औषध लागले.

आपल्याकडे ही खोली आणखी भरलेली होती आणि अजून आहे. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडे मऊ होणे, म्हणजे ऑस्टिओमलेशिया, हा पडद्यात राहणाऱ्या, वरचेवर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचा आजार म्हणून उत्तर भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदला गेला. कॅथलीन व्हॉन यांचे 1928 चे पुस्तक काश्मीरमधल्या अशा मातांविषयी आहे. ही स्त्रीही सगळे अंग दुखते म्हणूनच येते. पण तिची नडगी बोटाने दाबली की हाडातच कळ उठते, चाल बदकासारखी डुलती होते, रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असते. पाण्यातल्या फ्लोराइडने पाठ लाकडासारखी ताठ होते हे 1937 मध्ये मद्रास इलाख्यात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. आपल्या चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांना हे पाणी नवे नाही. आणि 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिचा अभ्यास केला, आणि मग हा विषाणू तीन दशके जवळजवळ गायब झाला. 2005-06 मध्ये तो परत आला तेव्हा महाराष्ट्रातल्या गावागावांत ताप उतरूनही महिनोन्महिने दुखत राहणाऱ्या लोकांची गर्दी झाली. साथीचा इतिहास विचारला नाही तर ही माणसे सहज फायब्रोमायल्जियाच्या रांगेत बसवली जातात. आणि काहींच्या बाबतीत ती रांग चुकीचीही नसते, पण ते पुढे.

हे सगळे बाहेर गेल्यावर खोलीत जे राहिले त्यांचे काय झाले? वगळण्याच्या पद्धतीचा निकाल इथे लागतो, आणि तो वाईट आहे. ज्यांची कोणतीच तपासणी बिघडलेली नव्हती, त्यांना आजारच नाही असे ठरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी रुग्णालयांत अंगदुखीचे सैनिक मोठ्या संख्येने आले, आणि 1943 मध्ये बोलंड आणि कॉर यांनी त्यांच्यातल्या अनेकांसाठी ‘मनोजन्य संधिवात’ हे निदान मांडले. बोलंड आणि फिलिप हेंच यांनी फायब्रोसायटिस आणि मनोजन्य संधिवात यांतला फरकही सांगितला. फायब्रोसायटिसचा रुग्ण हवामानाच्या तालावर दुखतो, मनोजन्य संधिवाताचा रुग्ण मनाच्या तालावर. फरक ऐकायला सुबक आहे, पण थंडी पडली की दुखणारा माणूस आणि काळजी वाढली की दुखणारा माणूस हा बहुधा एकच माणूस असतो, हे कोणत्याही संधिवाततज्ज्ञाच्या बाहेरच्या बाकावर बसून कळण्यासारखे आहे. युद्धावर परत जायचे नाही म्हणून ढोंग करणारे काही असतीलही. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचे दुखणे, हे समीकरण तिथून नागरी दवाखान्यांत आले आणि बायकांच्या बाबतीत पक्के झाले. ज्या पद्धतीत आजाराची ओळख फक्त ‘हे नाही, ते नाही’ अशी होते, तिच्यात शेवटी रुग्णाचे दुखणेच नाही असे ठरण्याला फारसा वेळ लागत नाही.

वेगळी वाट शोधणाऱ्यांत पहिले जोनास केलग्रेन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये थॉमस लुइस यांच्या हाताखाली त्यांनी 1938 मध्ये धडधाकट स्वयंसेवकांच्या स्नायूंत 6 टक्क्यांचे मिठाचे पाणी टोचले आणि दुखणे कुठे जाणवते ते विचारले. सुई कुल्ल्यात, कळ मांडीत, असे वारंवार दिसले. दुखते तिथेच रोग असतो या गॉवर्सच्या गृहीताला हा पहिला तडा होता. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी हा धागा पुढे नेला. स्नायूतला एक ताठ पट्टा, त्यातली एक चिमुकली जागा, ती दाबली की ठराविक नकाशाप्रमाणे दूरवर उठणारी कळ, आणि तिथे प्रोकेन टोचले की आराम, असे त्यांचे मायोफेशियल दुखण्याचे चित्र होते. जॉन केनेडींच्या पाठीवर त्यांनी असेच उपचार केले आणि 1961 मध्ये त्या व्हाइट हाउसच्या वैद्य झाल्या. एका बाजूला, एका भागात राहणाऱ्या दुखण्यासाठी हे चित्र आजही कामाचे आहे. पण 1992 मध्ये एक अवघड प्रयोग झाला. रुग्ण कोणत्या गटातला हे न सांगता तज्ज्ञांना तपासायला लावले, तेव्हा ताठ पट्टे आणि स्नायूंचे फडफडणे हे मायोफेशियलवाल्यांत, फायब्रोमायल्जियावाल्यांत आणि निरोगी माणसांत साधारण सारख्याच प्रमाणात सापडले. बोटाला लागते त्यावर किती विसंबायचे, हा बाल्फरच्या काळचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहिला.

खरे वळण टोरँटोत आले. ह्यू स्माइथ हे संधिवाततज्ज्ञ आणि हार्वी मोल्डोफ्स्की हे मनोविकारतज्ज्ञ, दोघांनी स्नायू सोडून झोपेकडे पाहिले. 1975 च्या त्यांच्या अभ्यासात रुग्णांच्या गाढ झोपेत जागेपणीच्या लहरी घुसलेल्या दिसल्या. आणि सहा निरोगी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत गाढ झोपेपासून रात्री वंचित ठेवले, तर काही दिवसांत त्यांचेही अंग दुखू लागले, ठराविक जागा दुखऱ्या झाल्या. नमुना लहान होता, पण सकाळी उठल्यावर रात्रभर मार खाल्ल्यासारखे वाटते या रुग्णांच्या नेहमीच्या वाक्याला कोणीतरी प्रथमच पुरावा समजून वागवले. दोन वर्षांनी त्यांनी निदानाचे निकष सुचवले: 14 ठराविक जागांपैकी 12 दुखऱ्या हव्यात. त्याच सुमारास, 1976 मध्ये, फिलिप हेंच यांच्या मुलाने, केलर हेंच यांनी फायब्रोमायल्जिया हे नाव वापरले आणि दाहाचा दावा सोडून दिला. मग इलिनॉयमधल्या पिओरियाच्या मुहम्मद युनूस यांनी 1981 मध्ये 50 रुग्ण आणि वय-लिंग जुळणारे 50 निरोगी लोक शेजारी ठेवून लक्षणे मोजली. थकवा, न भागणारी झोप, हातापायांना मुंग्या, पोटाच्या तक्रारी, डोकेदुखी असा लक्षणांचा पुंजका रुग्णांत ठळक निघाला. स्टॉकमनचे राहून गेलेले काम 77 वर्षांनी झाले. तरी ते अर्धेच होते; दुखणारा माणूस निरोगी माणसाहून वेगळा असतो हे दाखवून फार काही सिद्ध होत नाही.

उरलेले अर्धे काम 1990 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या समितीने केले. कॅन्ससच्या विचिटा गावचे फ्रेडरिक वुल्फ तिचे प्रमुख. अमेरिका-कॅनडातल्या 16 केंद्रांतून 558 माणसे घेतली, त्यांत 293 फायब्रोमायल्जियाचे रुग्ण. बाकीचे 265 निरोगी नव्हते, आणि या अभ्यासाचे सगळे मोल तिथे आहे. ते होते मानदुखीचे, कंबरदुखीचे, आमवाताचे, इजेनंतर दुखणारे. म्हणजे ज्यांच्याशी गल्लत होते तेच. तपासणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला हे माहीत नव्हते. नऊ जोड्यांनी 18 जागा ठरल्या: कवटीखाली मानेच्या मुळाशी, मानेच्या पुढच्या खालच्या भागात, खांद्याच्या कडेवर, खांद्याच्या फऱ्यावर, दुसऱ्या बरगडीपाशी, कोपराच्या बाहेर, कुल्ल्याच्या वरच्या भागात, मांडीच्या हाडाच्या उंचवट्यामागे, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. दाब सुमारे 4 किलोचा, म्हणजे तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडू लागेल एवढा. तीन महिने शरीराच्या डाव्या-उजव्या, वर-खाली सर्व बाजूंना दुखणे आणि 18 पैकी किमान 11 जागा दुखऱ्या, या निकषाने 88.4 टक्के रुग्ण बरोबर ओळखले गेले आणि दुसऱ्या दुखण्यांचे 81.1 टक्के बरोबर बाहेर राहिले. यात एकही रक्ततपासणी नाही. दुसरा आजार सोबत असला तरी निकष तसेच चालतात, हेही त्याच अभ्यासात दिसले, आणि म्हणून प्राथमिक-दुय्यम असा भेद तिथे काढून टाकला गेला.

यावर सर्वांत धारदार हरकत मिल्टन कोहेन आणि जॉन क्विंटनर या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1993 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये घेतली. रुग्ण कोण हे तज्ज्ञांनीच आधी ठरवले, मग त्यांच्यात तज्ज्ञांना अपेक्षित जागा दुखऱ्या निघाल्या. हा गोल फिरणारा युक्तिवाद आहे. हरकत खरी आहे आणि तिला पूर्ण उत्तर नाही. आजाराबाहेरची पक्की खूण नसेल तर प्रत्येक निकषाची सुरुवात कोणाच्या तरी अनुभवी मतापासूनच होते. अर्धशिशीचे आणि नैराश्याचेही तसेच आहे. तज्ज्ञांचे मत निव्वळ कल्पित असते तर डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारख्या तपासणीत आमवाताचा रुग्ण आणि हा रुग्ण इतके वेगळे पडले नसते. 11 हा आकडा मात्र मनमानी आहे, दहा जागा दुखणारी बाई निरोगी होत नाही, आणि दाब देणारा अंगठा डॉक्टरागणिक बदलतो. वुल्फ यांनीच पुढे जाहीरपणे म्हटले की आपण एक स्वतंत्र रोग शोधला अशी तेव्हाची समजूत आपल्याला आता पटत नाही. 2010 च्या नव्या निकषांत अंगठा गेला. शरीराच्या 19 भागांपैकी किती दुखतात आणि थकवा, अपुरी झोप, विसराळूपणा किती तीव्र आहे, याचे गुण मोजणे सुरू झाले. परिणाम असा की नऊ बायकांमागे एक पुरुष हे जुने प्रमाण बरेच खाली आले. पुरुषांना दाबल्यावर कमी दुखते म्हणून ते सुटत होते.

दुसरी हरकत औषध कंपन्यांची. विकायला औषध होते म्हणून आजार गाजवला गेला, असे म्हणतात. जाहिरातींपुरते ते खोटे नाही: अमेरिकेत प्रेगाबालिनला 2007 मध्ये, ड्युलोक्सेटिनला 2008 मध्ये, मिल्नासिप्रानला 2009 मध्ये मान्यता मिळाली आणि टीव्हीवर फायब्रोमायल्जिया दिसू लागला, युरोपच्या नियामकांनी तिन्हींना या आजारासाठी नकार दिला. पण तारखा पाहाव्यात. निकष त्याआधी सतरा वर्षांचे आहेत, आणि 1986 मध्ये ज्या औषधावर चाचण्या झाल्या ते अमिट्रिप्टिलिन जुने आणि कवडीमोल होते. 2002 मध्ये ग्रेसली यांच्या गटाने 16 रुग्ण आणि 16 निरोगी लोकांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूची चित्रे घेतली. निरोगी माणसाला ज्या दाबात तेवढी वेदना होते, त्याच्या जवळपास निम्म्या दाबात रुग्णांना तितकीच झाली, आणि मेंदूतले तेच भाग उजळले. सैनिकांना ढोंगी म्हणणाऱ्या काळाला हे उत्तर पुरेसे आहे. चित्र अजून हलते आहे, हेही मान्य केले पाहिजे. 2013 मध्ये बोस्टन आणि वुर्झबुर्ग इथल्या गटांना काही रुग्णांच्या कातडीतले बारीक मज्जातंतू विरळ झालेले आढळले. 2021 मध्ये रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे टोचल्यावर उंदरांनाही दाब आणि थंडी असह्य झाली. उद्या या गटातूनही काही आजार वेगळे पडतील. पडू देत.

तिसरी हरकत व्यवहारातली आहे आणि डॉक्टर तीच जास्त बोलून दाखवतात: वगळल्याशिवाय नाव दिले तर खरा आजार दडून राहील. 2010 च्या निकषांनी या भीतीपुढे मान तुकवून एक अट घातली होती, की दुखण्याचा उलगडा करणारा दुसरा आजार नसावा. 2016 च्या दुरुस्तीत ती अट काढली. दुसरे कोणतेही निदान असले तरी फायब्रोमायल्जियाचे निदान ग्राह्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मला ही दुरुस्ती अधिक सुरक्षित वाटते. वगळण्याच्या पद्धतीत एकदा नाव चिकटले की शोध संपतो, कारण सगळे वगळून झाले असे गृहीत असते. सोबत असू शकते असे मानले की शोध चालू राहतो. आमवाताच्या, ल्युपसच्या, चिकुनगुन्यानंतरच्या अनेकांना हे दुखणे जोडीला असते. ते न ओळखल्यामुळे सांध्यांची सूज उतरलेली असतानाही त्यांची स्टेरॉइड वाढवली जातात. उलट सीपीके चढलेला, उकिडवे बसल्यावर उठता न येणारा माणूस फायब्रोमायल्जियाच्या चित्रात बसतच नाही, कारण या आजारात ताकद जात नाही, दुखते म्हणून ती वापरवत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली, तेव्हा सुमारे 18 टक्क्यांना हाडा-स्नायूंचे दुखणे होते आणि आमवात जेमतेम अर्ध्या टक्क्याला. मोठा वाटा सांध्यांच्या झिजेचा, मऊ ऊतींच्या दुखण्याचा आणि नीट नाव न देता येणाऱ्या अंगदुखीचा होता. अशा गावात दर रुग्णामागे सगळ्या तपासण्यांची यादी लावणे ना परवडते, ना लागते. दुखणे किती पसरले, कधीपासून, झोप कशी, ताकद कशी, सूज आहे का, ताप येऊन गेला का, कोणती गोळी चालू आहे, हे विचारायला वेळ लागतो, पैसा नाही. कोलेस्टेरॉलसाठी चालू असलेली स्टॅटिनची गोळी कोणी विचारलीच नाही, म्हणून वर्षभर मालिश करून घेणारे लोक कमी नाहीत.

ज्यांच्या फाइलीवर फायब्रोमायल्जिया लिहिले आहे त्यांना म्हणून एवढेच सांगणे: हे निदान कशाकशावरून केले, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून’ एवढेच उत्तर मिळाले तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. आणि वजन आपोआप उतरू लागले, ताप येऊ लागला, जिना चढताना पायच उचलेना, किंवा पन्नाशीनंतर थोड्याच दिवसांत खांदे-मांड्या जखडून डोके दुखू लागले, तर जुन्या निदानावर हवाला ठेवून घरी थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि शेवटच्या तक्रारीत डोळ्यांना अंधुक दिसत असेल तर त्याच दिवशी.